देवघरातली टिबुकली

डिसेंबर १९९५, पहिला रविवार, सकाळ. हजर: दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनी, मी, आमचे हे (स्कूटरपुरते) आणि मल्लय्या पाणाड्या, म्हणजे तळहातावर नारळ ठेवून बोअरला पाणी कुठे लागेल ते सांगणारा माणूस. गैरहजर: प्लॉट.

प्लॉट असायला हवा होता तिथे तळं होतं. लहानसहान डबकं असतं तर आम्ही समजून घेतलं असतं. याचा पलीकडचा काठ धुक्यात गेला होता, मधोमध काळ्या ठिपक्यांची एक लांब रांग तरंगत होती आणि आमच्या चपलांपाशी चक्क लाटा येत होत्या. दादा स्कूटरवरून उतरलाच नाही. माकडटोपीतून तो एकदा पाण्याकडे आणि एकदा हातातल्या नकाशाकडे बघत राहिला.

"रस्ता चुकला," तो म्हणाला.

रस्ता चुकला नव्हता. कट्टमैसम्माचं देऊळ डाव्या हाताला होतं, त्याच्या शेजारचं चिंचेचं झाड होतं, विजेचा वाकडा खांबही होता. खांब आता पाण्यात उभा होता एवढाच फरक. मल्लय्या शांतपणे उकिडवा बसला, त्याने विडी पेटवली आणि वहिनीला म्हणाला, "अम्मा, मेरी फीस."

"कशाची फी?"

"पानी दिखाना मेरा काम. पानी दिखरा ना?"

शेवटी परतीचं बसभाडं आणि चटणी लावलेली एक दशमी यावर तडजोड झाली.

आज हे सगळं आठवायचं कारण म्हणजे सकाळी गच्चीत वाळत घातलेल्या चादरीखाली एक धोबी हिंडत होता. धोबी म्हणजे शेपटी सतत वरखाली आपटत चालणारा तो करडा-पांढरा चिमुकला पक्षी. तो हैदराबादेत आला की थंडी आली असं मी धरते. मग कामं ठरलेली असतात: स्वेटर काढायचे, रजयांना ऊन द्यायचं, दादाला फोन करायचा. फोनवर तो "हॅलो" म्हणत नाही. "आले का?" असं विचारतो. कोण, ते सांगावं लागत नाही.

आमच्या घरात काहीही मोठं घ्यायचं तर ते अक्षय्य तृतीयेला. सोनं, कपाट, शिलाईचं मशीन, जमीन, सगळं. दुकानदार चार दिवस आधी स्वस्तात द्यायला तयार असला तरी नाही. आता अक्षय्य तृतीया येते वैशाखात आणि वैशाखात दख्खनमधलं कुठलंही तळं क्रिकेटच्या मैदानासारखं सपाट असतं, हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या वर्षी सगळं शहर प्लॉट घेत सुटलं होतं. परदेशी कंपन्या येणार, कुकटपल्लीच्या पुढे मोठाले रस्ते होणार, जो आज थांबेल तो जन्मभर भाड्याच्या घरात राहील, असं जो तो सांगत होता. दर रविवारी पेपर उघडला की त्यातून रंगीत कागद गळून पडायचे. आमच्या कागदावर सगळे प्लॉट पिवळे आखलेले होते आणि त्यांच्या कडेने निळा रंग दिला होता. आम्हाला वाटलं, शोभेसाठी असेल.

आम्ही चौघं वैशाखातल्या भर दुपारी तो प्लॉट बघायला गेलो होतो. काळी, भुसभुशीत, भेगाळलेली जमीन. वहिनी खूश झाली, "इथं काहीही लावलं तरी येईल!" पायाखाली बारीक पांढरे शंख होते. तिने दोन वेचून रुमालात बांधले, कारण शंख म्हणजे लक्ष्मी. देऊळ बघून तर आम्ही हरखलोच. कट्टा म्हणजे तेलुगूत बांध. कट्टमैसम्मा म्हणजे बांधावर बसून तळं राखणारी देवी. हैदराबादेत उभा जन्म काढलेल्या चार माणसांनी तिला हळद वाहिली, नारळ फोडला आणि एकानेही विचारलं नाही की बाई, तू इथे बसून नक्की राखतेस काय?

माझं नाव नातेवाइकांत व्यवस्थित बाई म्हणून आहे. कॉलेजच्या ऑफिसात परीक्षांची बैठकव्यवस्था मी बघत असे. प्लॉटसाठीही मी घरून यादी करून नेली होती: बस, वीज, शाळा, दवाखाना, पाणी. एकेकाची चौकशी करून मी पुढे शेरा लिहीत होते. पाण्यापुढे मी लिहिलं, "जवळपास नाही. बोअर घ्यावी लागेल."

डिसेंबरातल्या त्या रविवारी आम्ही तसेच एजंटाकडे गेलो. नरसिंगराव त्याचं नाव. सफारी सूट, कमरेला नवाकोरा पेजर, आणि काहीही झालं तरी आवाज चढत नाही. त्याने आम्हाला चहा पाजला.

"बारिश जरा जास्ती हुई, बस," तो म्हणाला. "संक्रांत तक पूरा सूखा. टेन्शन नक्को लेओ, अम्मा. पानी तो आता, जाता. जमीन कां जाती? इधरीच रहती."

जमीन तिथेच होती. तिच्यावर काय होतं हा वेगळा मुद्दा.

वहिनीसाठी मात्र हा चहा पिऊन सोडून द्यायचा विषय नव्हता. मलकपेठेत रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या आणि स्वयंपाकघर म्हणजे व्हरांड्याचं पत्रे ठोकून बंद केलेलं टोक. खिडकी नाही. उन्हाळ्यात पोळ्या लाटताना तिच्या कपाळावरचं कुंकू ओघळून नाकावर यायचं. लग्न झाल्यापासून तिने एक घर मनात बांधत आणलं होतं. बाकीच्या खोल्यांत तिला फारसा रस नव्हता. "हॉल तुमचे दादा ठरवतील," ती म्हणायची, "ओटा मी." ओटा पूर्वेला, ओट्यासमोर खिडकी, खिडकीला मच्छरजाळी पण पडदा नाही. आणि आता घरमालक रेड्डीगारूंनी सांगितलं होतं की त्यांच्या मुलाचं लग्न ठरलंय, उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या, आत खोल्या मोकळ्या करून द्या. घर बांधून व्हायचं नव्हतंच एवढ्यात. पण प्लॉटवर पाया दिसला असता तर दादाला कंपनीकडून बांधकामाचं कर्ज मिळालं असतं आणि रेड्डीगारूंनी थोडी मुदत दिली असती. पाया घालायला कोरडी जमीन हवी होती.

म्हणून आम्ही दर रविवारी पाणी किती हटलं ते बघायला जायला लागलो.

दोन स्कूटर. पहाटेचा गारठा. मलकपेठेत व्यायामाला निघालेले घोडे झुली पांघरून वाफा सोडत चाललेले असायचे, नामपल्लीला स्टेशनातून बाहेर पडणारे लोक डोक्याला टॉवेल गुंडाळून रिक्षावाल्यांशी हुज्जत घालत असायचे आणि कुकटपल्लीच्या पुढे दुकानं संपली की एकदम ओल्या चिखलाचा आणि शेणाच्या धुराचा वास यायचा. देवळापासून सांडव्यापर्यंत बांधावरून चालत जायचं आणि परत यायचं. दादाने पाण्याच्या काठाशी एक काठी खुपसून ठेवली होती. पुढच्या रविवारी काठी कोरड्यात दिसायला हवी. पुढच्या रविवारी काठी दिसली नाही. एक म्हैस दिसली आणि तिच्या पाठीवर बगळा.

"म्हैस कुठं बसलीय?" वहिनीने विचारलं.

दादाने नकाशा फिरवून बघितला. "हॉलमध्ये."

त्या एका शब्दाने सगळं सुरू झालं. दादा मशीनच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला होता, मापाशिवाय त्याला जेवण जात नाही. देऊळ, खांब आणि पाण्याबाहेर टोक काढून उभा असलेला आमच्या हद्दीचा एकुलता एक दगड यांच्यावरून त्याने आलेखाच्या कागदावर घर आखलं. मग पाण्यावर जे काही दिसेल त्याला खोली मिळाली. हद्दीच्या दगडावर दर रविवारी एक पाणकावळा पंख पसरून वाळत बसायचा. तो फाटकाचा वॉचमन. लांब गुलाबी काड्यांसारख्या पायांचे शेकाटे व्हरांड्यात. दुरून काळ्या ठिपक्यांची जी रांग दिसली होती ते चांदवे निघाले, कोळशासारखे काळे आणि कपाळावर पांढरा टिळा लावलेले. ते शेजारच्या प्लॉटवर. त्या प्लॉटचे मालक कधीच फिरकले नाहीत, त्यांना अजून माहीत नसावं. आणि टिबुकली. मुठीएवढी, बिनशेपटीची. ती बेडरूममध्ये बुडी मारायची आणि आम्ही श्वास रोखून उभे राहायचो. ती निघायची देवघरात.

दार नाही, उंबरा नाही, कुणाला विचारणं नाही.

ही नावं आम्हाला आपोआप आली नाहीत. झालं असं की रेड्डीगारूंनी एकदा दादाला विचारलं, दर रविवारी सकाळी सहकुटुंब कुठे जाता? प्लॉट पाण्याखाली आहे हे घरमालकाला सांगणं दादाच्या जिवावर आलं. तो म्हणाला, पक्षी बघायला. रेड्डीगारूंना कौतुक वाटलं. सोमवारी त्यांनी जिन्यातच अडवलं, "काल काय बघितलं?" दादाने सांगितलं, काळं एक होतं, पांढरं एक होतं. दुसऱ्या दिवशी तो मराठी वाचनालयातून पक्ष्यांचं पुस्तक घेऊन आला.

जानेवारीत नामपल्लीची नुमाईश, म्हणजे दरवर्षीचं मोठं प्रदर्शन, लागली. वहिनीने त्याला प्रेशर कुकर आणायला पाठवलं होतं. तो दुर्बीण घेऊन आला.

"मी काय सांगितलं होतं?"

"अगं, हद्दीचे बाकीचे तीन दगड शोधायला लागतील ना."

"डाळ यात शिजवू?"

दुर्बिणीचा डावा डोळा धूसर होता. त्यामुळे दादा आयुष्यभर एक डोळा मिटून पक्षी बघत आला आहे आणि फोटोत तो नेहमी कुणाला तरी डोळा मारल्यासारखा दिसतो. तीन दगड त्याला मिळाले नाहीत. पण त्याच रविवारी, पाण्यावर धुकं नुसतं उचलत असताना, आभाळातून भोंग्यासारखे आवाज आले आणि मोठाले करडे हंस उतरले. पाय पुढे काढून, पाण्याला खरवडत. डोक्यावर दोन काळे पट्टे. दादाने पुस्तकाची पानं भराभर उलटली. तो म्हणाला, "पट्टकादंब. हिमालय ओलांडून येतात म्हणे."

"आणि थेट आपल्याकडे?" वहिनी.

"थेट."

"पत्ता कुणी दिला त्यांना? नरसिंगरावाने?"

वहिनी तेव्हा असंच बोलायची. ती बांधावर सतरंजी टाकून पाण्याकडे पाठ करून बसायची आणि दशम्या वाढायची. तिला पक्ष्यांचा राग नव्हता, पाण्याचा होता. पण पाण्यावर रागावून उपयोग नव्हता आणि दादावर रागवायची तिची पद्धत वेगळी होती: ती त्याला सगळ्यांसमोर फार आदराने बोलायची. "तुमचे दादा थोर आहेत. जगात लोक घराच्या अंगणात पाणी शिंपडतात. आमच्याकडे उलटं आहे." संक्रांत आली. पाणी हटलं नाही. दादाने मात्र चोचीच्या टोकाला पिवळा ठिपका आणि कपाळाशी तांबडा असलेली बदकं शोधली, पुस्तकात बघितलं आणि हरखून म्हणाला, "अगं, यांचं नावच हळदी-कुंकू!" संक्रांतीचं हळदीकुंकू नव्या जागेत करायचं असं वहिनीने वैशाखातच गल्लीत सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी दादाला दशमी मिळाली, चटणी मिळाली नाही.

मला वाटतं, नुकसान झालेल्या माणसाला कुठेतरी बघत राहायला लागतं. काही लोक आढ्याकडे बघतात. आम्हाला निदान काठ होता. समुद्रापासून इतक्या दूरच्या या शहरात आम्ही सबंध हिवाळा काठाकाठाने चाललो. थर्मासमधल्या चहाची वाफ, चिखलात उमटलेल्या बारीक तीनबोटी पावलांच्या रांगा, सांडव्याशी दगडाआडून उभं राहून आमच्याकडे बघणारं मुंगूस, वेताच्या टोपलीतून चमकणाऱ्या मासळीवर घिरट्या घालणाऱ्या घारी. दादाच्या ऑफिसात त्याच दिवसांत लोक स्वेच्छेने निवृत्त होत होते, म्हणजे त्यांना तशी इच्छा व्हावी अशी कंपनी सोय करत होती. सोमवारी सकाळी टेबलं रिकामी दिसत. तो ते घरी सांगत नसे. रविवारी बांधावर उभा राहून मोजायचा, चांदवे किती, शेकाटे किती. मागच्या रविवारइतके भरले की त्याचा चेहरा उजळायचा. सगळे हजर.

होळी झाली आणि पाणी खरोखरच हटलं. काळी जमीन वर आली, वाळली, भेगाळली. हंस गेले, बहुतेक बदकं गेली. उगादी तोंडावर आली होती आणि पुढच्या पावसात बुडणारा पाया घालण्यात आता काही अर्थ नव्हता, हे ड्रॉइंग ऑफिसातल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. तेव्हा आमच्या ह्यांनी गिऱ्हाईक आणलं. ह्यांच्या बँकेत नवीन खातं उघडायला आलेला पुण्याचा हेमंत. तो कंप्युटरच्या कंपनीत होता. बायको मेघना, तिला सहावा महिना. त्यांना कुकटपल्लीच्या बाजूला जागाच हवी होती. प्लॉट गेला असता तर दादा-वहिनीला त्या पैशात फ्लॅटचा पहिला हप्ता भरता आला असता, अगदी उगादीच्या आधी.

बेत वहिनीचा होता. बेतात एकच धोका होता: दादा. तो खोटं बोलेल याची भीती नव्हती, तो पक्ष्यांबद्दल बोलेल याची होती. म्हणून त्याचा घसा बसवण्यात आला. मार्चच्या उन्हात गळ्याभोवती लाल लोकरी मफलर, तोंडात लवंग, आणि ताकीद की काही झालं तरी फक्त मान हलवायची. दुर्बीण घरी, माझ्या कपाटात.

हेमंतला जागा आवडली. दूर तळ्याच्या पोटात उरलेलं पाणी चमकत होतं. "अरे वा, लेक व्ह्यू पण आहे!" तो म्हणाला. दादाने मान हलवली.

"काका, घशाला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा."

दादाने मान हलवली.

तेवढ्यात उरलासुरला एक शेकाट्या व्हरांड्यावरून उडत गेला, ते लांब गुलाबी पाय मागे ताणून. "बघ मेघना, बगळा!" हेमंत म्हणाला.

दादाचा चेहरा मफलरच्या रंगाचा झाला. घशातून कुकरच्या शिट्टीच्या आधी येतो तसा एक आवाज आला. "खोकला," वहिनी म्हणाली. "रात्रभर असंच चाललंय." मी त्याच्या तोंडात आणखी एक लवंग सरकवली.

सगळं जमत आलं होतं. हेमंत ह्यांच्याबरोबर बाजूला उभं राहून रजिस्ट्रीचं बोलत होता. मेघना उन्हाने लाल झाली होती. वहिनीने तिच्या डोक्यावर आपल्या साडीचा पदर धरला आणि तिला पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर मेघनाने सहज विचारलं, "काकू, तुम्ही इथे घर कसं बांधणार होतात?"

हे कुणी वहिनीला आजवर विचारलं नव्हतं. आम्हीसुद्धा नाही, आम्हाला माहीत होतं म्हणून. तिने मेघनाचा हात धरला आणि भेगांवरून चालायला लागली. "हे फाटक. हा व्हरांडा. इथं चपला काढायच्या. हा हॉल, यात मला काही करायचं नाही. हा देवघराचा कोनाडा. आणि हे बघ, हे स्वयंपाकघर. इथून इथपर्यंत ओटा. उंचीला किंचित कमी, माझी कंबर दुखते म्हणून, तू वाढवून घे. समोर खिडकी. पडदा लावू नकोस हं."

मेघना तिथे उभी राहिली. एक हात पोटावर, दुसरा नसलेल्या ओट्यावर टेकलेला. नसलेल्या खिडकीतून ती बाहेर बघत होती. "इथे सकाळी किती छान वाटेल ना," ती म्हणाली. "बाळाला इथेच खाली सतरंजीवर ठेवेन. कामं करता करता लक्ष राहील."

वहिनी खाली बघत राहिली, जिथे सतरंजी येणार होती तिथे. मग तिने मेघनाच्या डोक्यावर पुन्हा पदर धरला.

"नको ठेवूस," ती म्हणाली. "डिसेंबरात इथं तुझ्या कमरेएवढं पाणी असतं."

"म्हणजे गळतं का?"

"गळायला छप्पर लागतं, बाई. हे तळं आहे. आपण तळ्यात उभ्या आहोत. तुझ्या ओट्यावर, जिथं तुझा हात आहे ना, तिथं सबंध थंडी हळदी-कुंकू बदकं पोहतात."

"हळदी-कुंकू नव्हे!" मागून दणदणीत आवाज आला. दादाने मफलर ओढून काढला होता, लवंगा थुंकल्या होत्या. "किती वेळा सांगितलं तुला? ओट्यावर थापटे असतात, ते चपट्या चोचीचे. हळदी-कुंकू बाथरूमच्या बाजूला. आणि मघाशी गेला तो बगळा नव्हता हो, शेकाट्या होता, शेकाट्या!"

आमचे हे स्कूटरला किक मारायला गेले.

"काका," हेमंत म्हणाला, "तुमचा घसा?"

"उत्तम आहे."

"म्हणजे तुम्ही आम्हाला फसवत होतात?"

"हो," वहिनी म्हणाली. "फसवत होतो. आता नाही फसवायलोत."

हेमंत चिडला, चिडायलाच हवं होतं. तो बरंच बोलला. पुण्याच्या माणसाला रागात येतं तितकं शुद्ध मराठी मी त्यानंतर ऐकलेलं नाही. मेघना मात्र तिथेच उभी होती, ओट्यापाशी. "पण खरंच थापटे येतात?" तिने दादाला विचारलं. आणि दादाने, जमीन विकायला आलेल्या माणसाने, हवेत हातांनी चोच काढून तिला थापटे पाण्यातून अन्न कसं गाळतात ते दाखवलं.

परतीच्या वाटेवर वहिनी आमच्या स्कूटरवर माझ्या मागे बसली होती, दादाच्या नाही. कुकटपल्लीच्या सिग्नलला दादाची स्कूटर शेजारी येऊन थांबली तेव्हा ती तिकडे न बघता म्हणाली, "ते चपट्या चोचीचे माझ्या ओट्यावर होते, हे मला एकदा तरी दाखवलं का?"

"तू पाठ करून बसायचीस," दादा म्हणाला.

सिग्नल सुटला.

दुर्बीण त्या दिवसापासून वहिनीकडे आहे. माझ्या कपाटातून ती तिने स्वतः काढून नेली. रेड्डीगारूंनी कुरकुरत उन्हाळा संपेपर्यंत मुदत दिली, आणि घर मिळालं ते भलत्याच वाटेने. इतके लोक स्वेच्छेने निवृत्त झाले की कंपनीचे क्वार्टर ओस पडले आणि वर्षानुवर्षं ज्या यादीत दादाचा नंबर तळाला होता ती यादी एकदम त्याच्यापाशी येऊन संपली. ज्यांची घरं गेली त्यांची नावं त्याला माहीत होती. म्हणून तो किल्ली घ्यायला जाताना पेढे घेऊन गेला नाही. ओटा पूर्वेला नव्हता, पण खिडकी होती. वहिनीने तिला पडदा लावला नाही. मेघनाला मुलगी झाली, तिच्या बारशाला आम्ही सगळे गेलो. हेमंत दादाशी नीट बोलला, पण पक्ष्यांचा विषय कुणी काढला नाही.

आता दादा निवृत्त आहे. कुकटपल्लीतच त्यांचा लहानसा फ्लॅट आहे. तळ्याभोवती इमारती आल्या, काठ बराच आत सरकला, रात्री पाण्यात नावांच्या लाल-निळ्या पाट्या हलतात. तरी पाणी आमच्या प्लॉटइतकं अजून राहिलं आहे. त्या बाजूला कुणी भर टाकायला आलं की वहिनी फाटकापाशी, म्हणजे दगडापाशी, जाऊन उभी राहते आणि कागद दाखवते: खासगी मालमत्ता. भर टाकणारे कागद बघतात, पाणी बघतात, वहिनीकडे बघतात आणि ट्रक वळवतात.

एक काम राहिलं आहे. पाण्यात गेलेल्या प्लॉटच्या मालकांना दुसरीकडे कोरडी जागा मिळू शकते, मात्र आधी सरकारी मोजणी व्हायला हवी आणि मोजणी झाली की हा प्लॉट सोडून द्यावा लागतो. कागद माझ्याकडे आहेत, सगळे क्रमाने लावलेले. हिवाळ्यात मोजणी होत नाही, कारण पाण्यात मोजणीची साखळी धरता येत नाही. अर्ज केल्यावर पहिल्या उन्हाळ्यात सर्व्हेअर आले, तर हॉलच्या उघड्या जमिनीवर टिटवीने चार अंडी घातलेली. वहिनीने त्यांना ताक दिलं आणि पिल्लं चालती होईपर्यंत थांबा म्हणून सांगितलं. पिल्लं चालती झाली तोवर पाऊस आला. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा टिटवी. ते सर्व्हेअर बदलून गेले. आता नवे आहेत, तरुण आहेत, उत्साही आहेत. काल त्यांचा फोन आला, मॅडम, येत्या एप्रिलची तारीख पक्की करू का?

मी म्हटलं, वहिनींना विचारून कळवते. अजून विचारलेलं नाही.